घाईताई आणि टँटलमची खोली

घाईताईच्या घरी चहाला गेलात तर जपून. तुम्ही खुर्चीत नीट टेकायच्या आत कप हातात येतो, आणि दुसरा घोट घ्यायच्या आत ती तो विसळायला मागते. तुम्ही काही बोलायला जाल तर तुमचं वाक्य तीच पुरं करते, तेही बरेचदा चुकीचं, आणि त्या चुकीच्या वाक्याला उत्तर देऊन मोकळी होते. ती सातव्या महिन्यातच जन्माला आली. पोरीला आईच्या पोटातसुद्धा धीर निघाला नाही, असं तिचे वडील हसत सांगायचे. तिचं खरं नाव काही वेगळंच होतं, पण वर्कशॉपमध्ये कुणीतरी घाईताई म्हणालं आणि तेच चिकटलं.

वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. मोडलेल्या फ्रेमला ते गॅसवर जोड द्यायचे आणि ही शेजारी फतकल मारून बघत बसायची. एकदा ते बाहेर गेलेले असताना तिनं एक हँडल स्वतःच जोडून टाकलं. जोड भक्कम होता, फक्त हँडल उलटं लागलं होतं. वडिलांनी कपाळाला हात लावला, पण जोड निरखून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला हाताखाली घेतलं. पुढे ती मोठ्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेसच्या कामाला लागली. दुधाच्या टाक्या, हॉस्पिटलातली बेसिनं, हॉटेलांचे ओटे. हात असा झरझर चालायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि ते नुसतं झगझगाटानं नव्हे.

लग्नही तिनं घाईतच केलं. तो माणूस गावाबाहेरच्या अ‍ॅसिडच्या कारखान्यात ऑपरेटर. बोलणं इतकं संथ की मित्रांनी त्याचं नाव मालगाडी ठेवलं होतं. इंजिन दिसलं तरी शेवटचा डबा यायला वेळ लागणारच. ओळख झाल्यावर काही महिन्यांनी तो म्हणाला, "मला तुला असं विचारायचं होतं, की तुला जर..." आणि ही म्हणाली, "हो! कधी?" आपण तर त्या दिवशी फक्त तिची स्कूटर मागणार होतो, असं तो अजूनही सांगतो. तोंड गंभीर ठेवून सांगतो, म्हणून खरं काय ते कळत नाही. संसार मात्र दृष्ट लागावी असा झाला. तो अर्धं वाक्य बोलायचा, ती उरलेलं बोलायची, आणि दोघांचं भागत होतं.

आणि अशा बाईच्या वाट्याला धातू आला तो टँटलम.

वर्कशॉपच्या मागच्या अंगाला एक वेगळी खोली होती. तिथं जाताना चपला बदलायच्या, अंगठी काढायची, धुतलेले पांढरे हातमोजे घालायचे. लोखंडाची हातोडी, लोखंडाची कानस, साधा तारेचा ब्रश, सगळं दाराबाहेर. आत ठोकायचं ते लाकडी मोगरीनं. त्या खोलीचे धनी एक वयस्कर वेल्डर होते, ज्यांना सगळे आर्गनकाका म्हणायचे, कारण आर्गन वायूचा नळ त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी उघडू दिला नाही. त्यांचा जोडीदार गाव सोडून गेला, तेव्हा मालकांनी घाईताईला तिथं पाठवलं. काकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मालकांना म्हणाले, "दुसरं कोणी नव्हतं का?"

"होतं, पण मी आधी आले," घाईताई म्हणाली.

काकांनी तिच्या हातात एक करड्या निळसर झाकेचा पत्रा ठेवला. दिसायला हातरुमालाएवढा, पण हात खाली गेला. टँटलम लोखंडाच्या दुपटीहून जड असतं. मग त्यांनी तो पत्रा बोटांनीच घडी घालून दाखवला आणि पुन्हा सरळ केला. चीर नाही, कुरकुर नाही. "लोखंड पाणी होतं त्याच्या दुप्पट आच दिली तेव्हा कुठं हा वितळतो," काका म्हणाले. "विमानाच्या इंजिनात जी पाती लाल होईस्तोवर तापतात, त्यांच्या मिश्रणात याची चिमूट असते. तुझ्या मोबाइलच्या पोटात याचा कण असतो, वीज साठवायला. डॉक्टर फुटलेल्या कवटीला याची चकती बसवतात आणि शरीर त्याला परकं मानत नाही. आणि उकळतं अ‍ॅसिड? काच खाणारं एक सोडलं, तर बाकीची अ‍ॅसिडं याच्या अंगावरून ओघळून जातात. अंगावर एक साय असते याच्या, डोळ्याला न दिसणारी. ती सगळं अडवते."

"मग अडचण काय आहे?" घाईताईनं विचारलं. तोवर तिनं वेल्डिंगचा टॉर्च उचललासुद्धा होता.

अडचण तिला तासाभरात कळली. तिनं झकास जोड दिला, ठिणगी विझवली आणि कसा झालाय बघायला टॉर्च झटकन बाजूला केला. डोळ्यांदेखत जोड पिवळा पडला, मग जांभळा, मग निळा. मोराच्या पिसासारखा सुंदर दिसत होता आणि ती खूशही झाली. काकांनी तो तुकडा घेतला, बोटांत धरून वाकवला आणि तो बिस्किटासारखा मोडला.

हा धातू थंड असताना अ‍ॅसिडलाही दाद देत नाही, पण तापला की साधी हवा पितो. अधाशासारखी पितो, आणि प्यायला की ठिसूळ होतो. म्हणून जोडावर आर्गनचं पांघरूण घालायचं, आणि ठिणगी विझल्यावरही टॉर्च तसाच जोडावर धरून ठेवायचा. वायू चालू, हात स्थिर, करायचं काहीच नाही. जोड पुरता निवेपर्यंत नुसतं थांबायचं.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"कंटाळा येईपर्यंत धर. मग आणखी एकदा कंटाळा येऊ दे."

घाईताईला जन्मात कोणी इतकी कठीण गोष्ट सांगितली नव्हती. आच, झगझगाट, जडपणा यातलं तिला काहीच जड गेलं नाही. जड गेलं ते काम संपलेलं दिसत असताना न उठणं. तिच्या निळ्या तुकड्यांनी एक डबा भरला, मग दुसरा. काका नुसता हात पुढे करायचे. तुकडा मोडायचे, डब्यात टाकायचे. त्या 'टक' आवाजानं ती घरी जाऊन रडलीसुद्धा. स्टेनलेसवाले तिला परत बोलवत होते, मालकही म्हणाले की काही बिघडत नाही, जा. पण ती ज्या गोष्टीच्या मागे लागते तिला सोडत नाही, हा हट्ट त्या घाईचाच भाऊ. ती जीभ दातांत धरून थांबायला शिकली. पायाची बोटं बुटात आवळून शिकली. आणि एक दिवस तिनं टॉर्च बाजूला केला, तर जोड चमच्यासारखा चंदेरी होता. काकांनी वाकवला, वाकला. घडी घातली, बसली. त्यांनी तो तुकडा डब्यात टाकला नाही. खिशात घातला आणि चहा प्यायला निघून गेले. घाईताईला त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं.

खोलीत ती थांबायला शिकली खरी, पण चपला बदलून बाहेर आली की पुन्हा पहिले पाढे. घरी मालगाडीची वाक्यं तशीच मधेच तुटत राहिली.

त्याच सुमारास कारखान्यात अपघात झाला. वापरून पातळ झालेलं अ‍ॅसिड मोठ्या टाकीत तापवून पुन्हा जोरकस करायचं, हे तिच्या नवऱ्याचं काम. टाकीत वाफेच्या नळ्या बुडवलेल्या असत. त्या जुन्या नळ्यांतली एक तडकली, वाफ अ‍ॅसिडमध्ये घुसली आणि टाकीनं उसळी मारली. तो बाजूला सरला म्हणून तोंड वाचलं, पण डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. हॉस्पिटलात तो तिला सांगू लागला, "झालं असं की मी उभा होतो, आणि..." आणि ती म्हणाली, "नका सांगू. कळलं मला." तिला ऐकवत नव्हतं. हात बरा झाला, कातडीवर सुरकुतलेला डाग राहिला. तो पुन्हा त्याच टाकीवर जाऊ लागला, कारण ती टाकी त्याच्याइतकी कोणाला कळत नव्हती. तो कामावर असला की घाईताईचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग कारखान्यानं ठरवलं की आता नळ्या टँटलमच्या घालायच्या. आणि ते काम आलं घाईताईच्या वर्कशॉपमध्ये. टेबलावर पसरलेल्या ड्रॉइंगवर तिनं टाकीचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. मालक समजूतदार माणूस. म्हणाले, "ताई, हे काम काकांनी केलं तर चालेल. तुमच्या मनावर उगाच..."

"दुसऱ्या कोणी हात लावून बघावा," घाईताई म्हणाली, "हात मोडून ठेवीन."

काका कोपऱ्यात हातमोजे धूत होते. "ऐकलंत ना," ते मालकांना म्हणाले, "मी तर लावत नाही."

पातळ भिंतीच्या लांब नळ्या, प्रत्येकीचं खालचं तोंड चकतीनं बंद करायचं, वरची बाजू जाड तबकडीला जोडायची. वाफ आत जाणार, अ‍ॅसिड बाहेर उकळणार, आणि मधे फक्त तिचा जोड. त्या जोडाच्या पलीकडे तिचा नवरा उभा राहणार. तिनं प्रत्येक नळी पुसली, पुन्हा पुसली, आतूनही आर्गन भरला. ठिणगी लावली, विझवली आणि थांबली. कंटाळा आला, जाऊ दिला, पुन्हा आला. ज्या ज्या दिवशी जोड दिला त्या त्या दिवशी त्याच हातानं एक नमुन्याचा तुकडाही जोडला, आणि काकांनी तो सगळ्यांसमोर दुमडून सपाट केला. एकही चिरला नाही. शेवटी आत दाबाची हवा भरून सगळ्या नळ्या पाण्यात बुडवल्या, तेव्हा वर्कशॉपमधली निम्मी माणसं हौदाभोवती जमली होती. पाणी आरशासारखं राहिलं. एक बुडबुडा नाही. स्टेनलेसवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. घाईताई हौदाच्या कडेला बसली आणि तिला उठावंसंच वाटेना, इतकी ती थकली होती आणि इतकी खूश होती.

नळ्या कारखान्यात गेल्या, टाकीत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत अ‍ॅसिड सोडायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी नवरा रात्रपाळीला निघताना दारात थांबला. "अगं, तुझ्या त्या नळ्यांना मी..."

"बसवल्या ना? मला माहितीये! छान बसल्या! जा आता, उशीर होतोय." आणि तिनं डबा त्याच्या हातात कोंबला. तो गेला.

सकाळी तो परत आला. तिनं चहा दिला आणि एक पाय चपलेत घातला. तिला लवकर निघायचं होतं, आज अ‍ॅसिड सुटणार ही बातमी काकांना सांगायची होती. तो कपाकडे बघत म्हणाला, "काल सांगायचं होतं ते राहिलंच. त्या नळ्या ना..."

तिच्या ओठांवर आलंच होतं, 'मस्त आहेत, माहितीये.' पण तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की आत अजून कढ आहे, निवलेलं नाही. खोलीतली सवय कुठून जागी झाली कोण जाणे. तिनं जीभ दातांत धरली. चपलेतला पाय तसाच ठेवला आणि थांबली.

गप्प बसलेली बायको बघून तो आधी बिचकलाच. मग हळूहळू बोलू लागला. "लांब आहेत ना त्या. पाणी भरून ढवळणी चालवून बघितली, तर खालची टोकं हलत होती."

हलू देत, काही होत नाही! ती मनातच ओरडली.

"मला वाटलं, इतक्या मेहनतीनं केल्यात तू. आदळून कुठं पोचा नको यायला." त्यानं डाव्या हातावरचा डाग नकळत चोळला. "आणि मी तिथंच उभा असतो. म्हणजे, खरं सांगायचं तर, मला अजून भीती वाटते. तुला कधी बोललो नाही."

तो थांबला. इतकंच असेल असं वाटण्याजोगी ती जागा होती. घाईताईचे डोळे भरून आले होते, पुढे होऊन त्याचा हात धरावा असं तिला फार वाटलं. पण शेवटचा डबा अजून यायचा होता, हे तिला त्या दिवशी कळलं. ती थांबली.

"म्हणून मी साहेबांना विचारून सगळ्या नळ्यांना खाली एक पट्टी आवळली. साधी लोखंडी नाही हं, त्या पांढऱ्या मिश्रधातूची, आमच्या अ‍ॅसिडला टिकते ती. चांगली घट्ट बसवली. आता जरासुद्धा हलत नाहीत."

घाईताईची पाचावर धारण बसली. काकांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं: अ‍ॅसिडमध्ये टँटलमला दुसऱ्या धातूचा हात लागू द्यायचा नाही. दुसरा कितीही चांगला असो, याच्या संगतीत तो झिजतो, झिजताना हायड्रोजन सुटतो, आणि तो हायड्रोजन टँटलम पितं. तापलेलं असताना हवा पितं तसंच. मग एक दिवस तीच नळी बिस्किटासारखी मोडणार. नवऱ्याला तिनं महिनोन्‌महिने आर्गनच्या गोष्टी ऐकवल्या होत्या, ही एवढी एक सांगायची राहिली होती. आणि त्यानं, मायेपोटी, अगदी तेच केलं होतं.

"अहो, उठा!"

"चहा..."

"घेऊन चला!"

कारखान्याच्या ऑफिसातला फोन नुसता वाजत होता, आणि अ‍ॅसिडच्या विभागात मोबाइल न्यायला बंदी. घाईताईनं स्कूटर अशी काढली की शेजारीण अंगणातून आत पळाली. मागे मालगाडी, एका हातात कप, दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरलेला. रस्ताभर ती त्याला ओरडून समजावत होती आणि तो मान डोलावत होता. एका वळणावर चहा सांडून तिच्या पाठीवर गेला. तिला कळलंही नाही.

फाटकावर सुरक्षारक्षकानं तिला अडवलं. पास नाही, तर आत नाही. ती भांडली, हात जोडले, पुन्हा भांडली. तो बिचारा आपलं काम करत होता. शेवटी तिनं नवऱ्याचे खांदे धरले. आत तोच जाऊ शकत होता, आणि आत जाऊन बोलायचंही त्यालाच होतं.

"अहो, सगळं सांगत बसू नका. एक शब्द. थांबा म्हणा. बाकीचं नंतर."

तो धावला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला धावताना बघितलं. मग तो शेडमागे दिसेनासा झाला आणि घाईताई फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. करायचं काहीच नव्हतं. ठिणगी विझलेली, हात स्थिर, आणि पुढ्यात काय होतंय ते दिसत नाही. असा जोड तिनं आजवर दिला नव्हता. पायाची बोटं आवळून ती उभी राहिली. रक्षकानं तिला खुर्ची दिली, ती तिनं बघितलीही नाही.

बऱ्याच वेळानं पाळीचे सुपरवायझर स्वतः चालत आले. हातात एक हेल्मेट आणि पास. जवळ येऊन ते हसले.

"ताई, आम्हाला वाटलं आग लागली. तुमचे हे दारातून असे ओरडले, 'थांबा!' इतक्या वर्षांत या माणसाचा आवाज चढलेला ऐकला नाही. व्हॉल्व्हवर हात होता माझा, तसाच बंद केला. अ‍ॅसिड टाकीच्या तळापर्यंतच आलंय, पट्टीला शिवलेलं नाही. पट्टीला हो म्हटलं ते मीच. या, काय करायचं ते तुम्ही सांगा."

घाईताईच्या जिवात जीव आला. मग तिथंच, फाटकात, तिला हुंदका फुटला आणि लगेच हसूही आलं, कारण शेडच्या दारात मालगाडी उभी होती, हातात अजून तो रिकामा कप घेऊन.

टाकी रिकामी केली, धुतली, पट्टी काढली. आर्गनकाकांनाही बोलावून घेतलं. जिथं पट्टी घासली होती ती प्रत्येक जागा घाईताईनं स्वतः तपासली, साफ केली. नळ्यांना आधार म्हणून टेफ्लॉनचे ठोकळे बसवले, ज्यांच्यातून असलं काही सुटत नाही. संध्याकाळी अ‍ॅसिड सोडलं, वाफ सोडली. काटा चढत गेला, टाकी गुरगुरली, उकळी आली. नळ्यांचं काही म्हणणं नव्हतं. नवरा आपल्या नेहमीच्या जागी उभा होता, आणि हट्टानं हेल्मेट घालून त्याच्या शेजारी घाईताई.

"भीती वाटते?" तिनं विचारलं. आणि थांबली.

त्यानं बराच विचार केला. "नाही," तो म्हणाला. एकच शब्द.

वर्षभरानं टाकी तपासणीला उघडली. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा घाईताई दारातच उभी होती, सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. तिनं त्याला पाणी दिलं, समोर बसली आणि हाताची घडी घातली. तो सांगू लागला. टाकी कशी रिकामी केली, धुतली कशी, शिडी कोणी आणली, ती डुगडुगत होती म्हणून दुसरी कशी आणावी लागली. घाईताई ऐकत होती. जीभ दातांत नव्हती, बोटंही आवळलेली नव्हती. शिडी आत उतरली, बॅटरी लागली, साहेब आले, चष्मा विसरले, परत गेले, परत आले.

"मग मी खाली वाकून बघितलं," तो म्हणाला. "बाकी टाकीवर वर्षाचं पुट होतं. नळ्या मात्र जशाच्या तशा. आणि तुझा जोड... तो मला सापडेच ना. हात फिरवून शोधावा लागला कुठाय तो. साहेबांना म्हटलं, हा बघा, इथं आहे. माझ्या बायकोचा आहे."

घाईताईनं डोळे पुसले. दिवे लावायची वेळ झाली होती, ओटा तसाच पडला होता, आणि तिला कुठंही जायचं नव्हतं.

"परत सांगा," ती म्हणाली. "शिडी आणली तिथपासून."